रेजिमेंटचं मानचिन्ह कसं वाचावं

अमेरिकी सैन्यातल्या एखाद्या रेजिमेंटचं मानचिन्ह समोर आलं की नजर आधी ड्रॅगनवर नाहीतर किल्ल्यावर जाते. तिथून सुरुवात केली तर वाचन फसतं. आधी ढालीच्या पार्श्वभूमीचा रंग पाहा. निळा असेल तर बहुधा पायदळ, लाल असेल तर तोफखाना, पिवळा असेल तर घोडदळ. पांढरा दिसला तरी गोंधळू नका, पायदळाचा जुना रंग पांढराच होता.

डावं-उजवं ढाल धरणाऱ्याच्या बाजूने मोजतात. म्हणजे वर्णनात ‘उजवा’ असेल तो भाग आपल्याला डावीकडे दिसतो. नवख्यांच्या निम्म्या चुका इथेच होतात.

रंगांचे दोन गट असतात. सोनेरी आणि रुपेरी हे धातू. चित्रात ते पिवळे आणि पांढरे काढले तरी चालतात. निळा, लाल, काळा, हिरवा, जांभळा हे रंग. धातूवर धातू आणि रंगावर रंग ठेवत नाहीत, कारण ढाल लांबून ओळखू आली पाहिजे. नैसर्गिक रंगात दाखवलेल्या वस्तूला या नियमातून सूट आहे. छापील चित्र काळं-पांढरं असेल तर रेघांवरून रंग कळतो: ठिपके म्हणजे सोनेरी, कोरी जागा रुपेरी, उभ्या रेघा लाल, आडव्या निळा, आडव्या-उभ्या दोन्ही काळा, आणि आपल्या डावीकडून वरून उजवीकडे खाली उतरणाऱ्या तिरप्या रेघा हिरवा.

आता ढालीवरच्या वस्तू. त्यांचा अर्थ शब्दकोशातून काढू नका. ‘सिंह म्हणजे शौर्य’ एवढ्याने काहीच हाती लागत नाही. वस्तू तुकडीच्या मोहिमांशी ताडून पाहायची. लिलीचं फूल म्हणजे फ्रान्स. पण १९१८ चं की १९४४ चं, हे तुकडी तिथे केव्हा लढली त्यावर ठरतं. निवडुंग १८४६–४८ च्या मेक्सिको युद्धाचा असू शकतो, तसाच १९१६ च्या मेक्सिको सीमेवरच्या नेमणुकीचाही. बोलो नावाचा सुरा फिलिपिन्स सांगतो, चिनी ड्रॅगन बहुधा १९०० ची चीनमधली मोहीम.

१६ व्या इन्फन्ट्रीची, म्हणजे पायदळाच्या १६ व्या रेजिमेंटची ढाल या वाचनासाठी उत्तम नमुना आहे. तिच्यावर निळ्या-पांढऱ्या घंटांसारखी नक्षी आहे. मुळात ही खारीची कातडी जोडून केलेल्या अस्तराची खूण. हेच रंग पायदळाचे, जुना आणि नवा. पण नक्षी आली ती फ्रान्समधल्या फ्लेविल गावाच्या मानचिन्हातून; हे गाव या रेजिमेंटने ४ ऑक्टोबर १९१८ रोजी जिंकलं. पाच बुरुजांचा किल्ला ही १८९८ मध्ये क्युबात लढलेल्या पाचव्या कोअरची (अनेक तुकड्यांच्या मोठ्या सैन्यदलाची) खूण. बाण आणि बोलो एकमेकांना छेदून ठेवलेत; त्यातला बाण अमेरिकेतल्या आदिवासींविरुद्धच्या मोहिमांचा. गौरव कुणाचा चाललाय आणि तो कुणाविरुद्ध, हेही त्यात दिसतंच.

वरच्या कोपऱ्यात छोटा चौकोन असेल तर तो न पाहता पुढे जाऊ नका. ज्या जुन्या रेजिमेंटमधून ही तुकडी निघाली, तिची खूण बहुधा तिथे असते.

ढालीच्या वरच्या शिरोभूषणाखाली पिळलेल्या कापडाची पट्टी येते. तिला सहा पीळ असतात, धातू आणि रंग आलटून-पालटून, पहिला पीळ धातूचा आणि तोही आपल्या डावीकडचा. पीळ पाच किंवा सात निघाले तर नक्कल करणाऱ्याने घाई केली असं समजा. शिरोभूषणात लेक्सिंग्टन गावातला मिनिटमनचा, म्हणजे क्षणात लढायला तयार असणाऱ्या नागरी सैनिकाचा पुतळा असेल तर तुकडी राखीव दलाची. नॅशनल गार्ड या राज्यांच्या दलाच्या तुकड्या आपल्या राज्याचं शिरोभूषण वापरतात.

स्वतः चित्र काढताना मूळ चित्राची नक्कल करू नका, अधिकृत शब्दवर्णन घ्या. वर्णनात जे नाही, म्हणजे किल्ल्याच्या खिडक्या, ड्रॅगनच्या खवल्यांचा आकार, ते चित्रकाराच्या मर्जीवर. वर्णनात जे आहे, ते मात्र आरशात उलटवलेलंही चालत नाही.