पॉइंट टू-टू रायफलचा ट्यूनर जुळवताना

पॉइंट टू-टू, म्हणजे ०.२२ इंच व्यासाच्या नळीच्या रायफलसाठी ५० मीटरवरच्या लक्ष्यातील दहा गुणांचे वर्तुळ अवघे १०.४ मिलिमीटरचे असते, आणि एकाच डब्यातील काडतुसांचा वेगही तंतोतंत सारखा नसतो. गोळी नळीतून जात असताना नळीचे तोंड वर-खाली थरथरते. ते वर सरकत असतानाच गोळ्या बाहेर पडल्या, तर उशिरा निघणाऱ्या मंद गोळीला किंचित जास्त चढ मिळतो आणि तिची जादा घसरण भरून निघते. ट्यूनर, म्हणजे नळीच्या तोंडाशी बसवलेले सरकते वजन, पुढे-मागे करून आपण हीच वेळ साधतो.

ठाण्यातल्या नव्या नेमबाजांना माझा आग्रह असतो, की आधी रायफलला मानवणारा काडतुसांचा लॉट (एकाच खेपेत बनलेला साठा) निवडावा आणि स्टॉकचे (रायफलच्या दस्त्याचे) स्क्रू टॉर्क रेंचने, म्हणजे जोर मोजणाऱ्या पान्याने, ठरलेल्या मापाला आवळावेत. ते ढिले असतील, तर पुढची सगळी मेहनत वाया जाते.

त्यानंतर वारा पडलेला असताना, रायफल टेकूवर ठेवून, ट्यूनरवरच्या शून्यापासून ठरावीक खुणांच्या अंतराने पाच-पाच गोळ्यांचे ग्रुप घ्यावेत, म्हणजे प्रत्येक खुणेवर एकाच नेमाने पाच गोळ्या झाडून त्यांच्या छिद्रांचा पुंजका पाहावा. ट्यूनरला हात लावण्यापूर्वी बोल्ट (नळीची मागची बाजू बंद करणारा खटका) उघडून चेंबर, म्हणजे काडतूस बसते ती जागा, रिकामे असल्याची खात्री दर वेळी करावी. ग्रुपची फक्त उभी पसरण मोजावी, कारण आडवी पसरण बहुधा वाऱ्याची असते. एखादाच देखणा ग्रुप पाहून हुरळून जाऊ नये. लागोपाठच्या तीन-चार खुणांवर उभी पसरण कमी राहिली, तर त्यांतली मधली खूण धरावी, दुसऱ्या दिवशी पुन्हा तपासावी आणि मगच ट्यूनरची कडी घट्ट करावी. लॉट बदलला, की ही तपासणी पुन्हा करावी.