खान्देशातून दांडी : एका दिवसाची बससहल कशी आखावी

धुळे-नंदुरबारच्या माणसाला समुद्र म्हटले की कोकण आठवते, पण सकाळी निघून रात्री घरी परतता येईल असा समुद्र आपल्याला गुजरातेतच गाठावा लागतो. नवापूर, सोनगड, व्यारा, बारडोली आणि नवसारी या वाटेने दांडीचा किनारा नंदुरबारहून बसने साधारण ४ ते ५ तासांवर आहे. धुळ्याहून तासभर जास्त धरावा. जळगाव-भुसावळच्या मंडळींनी मात्र हा एका दिवसाचा बेत करू नये, नवसारीत एक मुक्काम ठेवावा.

तारीख बहुतेक जण सोयीचा रविवार पाहून ठरवतात. ती भरतीची वेळ पाहून ठरवावी, हे माझे आग्रहाचे सांगणे आहे. खंबातच्या आखाताजवळच्या या पट्ट्यात भरती-ओहोटीतला फरक मोठा असतो. ओहोटीला पाणी इतके मागे हटते की लाटा पाहायला आलेल्यांच्या समोर करड्या, ओलसर गाळाचा पसारा उरतो आणि काही ठिकाणी पाय घोट्यापर्यंत रुततो. भरतीची वेळ रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते, म्हणजे आठवड्यात जवळजवळ ६ तासांनी. त्यामुळे एका रविवारी भर दुपारी ओहोटी असेल, तर पुढच्या रविवारी त्याच सुमारास भरती मिळते. एवढे लक्षात ठेवले तरी निम्मे काम झाले. मुंबईचा तक्ता येथे उपयोगाचा नाही, कारण आखाताच्या बाजूला भरती उशिरा पोहोचते. सुरत किंवा हजिऱ्याचा तक्ता पाहावा आणि दुपारी १२ ते २ च्या दरम्यान पूर्ण भरती असेल असा दिवस निवडावा. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असते. लहान मुले बरोबर असतील तर ते दिवस टाळलेले बरे. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. पावसाळ्यात जाऊ नये.

बस ठरवताना भाड्याच्या आकड्याआधी चालकांची चौकशी करावी. जाऊन-येऊन ९-१० तास तरी गाडी चालणार असते आणि कामगार कायद्यानुसार चालकाचे दिवसाचे काम सामान्यतः ८ तासांचे आहे, म्हणून दोन चालक असलेलीच बस घ्यावी. परराज्यात जाण्याचा पर्यटक परवाना आणि विमा यांची मुदत स्वतः वाचावी, प्रवाशांची यादी दोन प्रतींत जवळ ठेवावी, आणि टोल, पार्किंग व चालकांचे जेवण भाड्यात धरले आहे की नाही, हे विसार देण्यापूर्वी लेखी घ्यावे. गुजरातेत दारूबंदी आहे, ही गोष्ट सहलीला येणाऱ्या प्रत्येकाला आधीच स्पष्ट सांगावी. एकाच्या पिशवीतल्या बाटलीपायी सगळ्या बसचा खोळंबा होऊ शकतो.

नंदुरबारहून पहाटे ५ ला आणि धुळ्याहून ४ ला निघावे. धुळ्याच्या बसला कोंडाईबारी घाट उतरावा लागतो, तेव्हा ज्यांना गाडी लागते त्यांना पुढच्या आसनांवर बसवावे. शिदोरीला दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी यांच्यासारखे दुसरे काही नाही, कारण दोन्ही उन्हातही टिकतात. वांग्याचे भरीत कितीही आवडीचे असले तरी दुपारपर्यंत ते आंबण्याची भीती असते.

दांडीला पोहोचल्यावर आधी समुद्राकडे न धावता राष्ट्रीय मीठ सत्याग्रह स्मारक पाहावे; त्याची साप्ताहिक सुट्टी तारीख पक्की करण्यापूर्वीच विचारून घ्यावी. १२ मार्च १९३० रोजी साबरमतीहून निघालेले गांधीजी ५ एप्रिलला येथे पोहोचले आणि ६ एप्रिलला त्यांनी मूठभर मीठ उचलून कायदा मोडला. ३० जानेवारी २०१९ रोजी खुल्या झालेल्या या स्मारकातील गांधीजींचा मुख्य पुतळा शिल्पकार सदाशिव साठे यांचा आहे. गांधीजींबरोबर चालणाऱ्या यात्रेकरूंच्या पूर्णाकृती पुतळ्यांजवळ थोडे थांबावे. प्रत्येकाचा चेहरा आणि चाल वेगळी आहे. शाळेची सहल असेल तर शिक्षकांनी येथेच शिरीषकुमारची आठवण करून द्यावी. ९ सप्टेंबर १९४२ रोजी नंदुरबारात गोळ्या झेलणारा तो मुलगा ‘नहीं नमशे’ (झुकणार नाही) अशी गुजराती घोषणा देत होता. आपल्या मुलांना दांडी परकी वाटू नये, याला एवढे पुरेसे आहे. गांधीजी जेथे उतरले होते ती सैफी व्हिलाही जवळच आहे.

भरतीच्या वेळी किनाऱ्यावर उतरावे, पण गुडघ्यापेक्षा खोल पाण्यात कोणालाही जाऊ देऊ नये. मुलांचे दहा-दहाचे गट करून प्रत्येक गटामागे एक मोठे माणूस ठेवावे. ओहोटीत पाण्याच्या मागे मागे चालत जाणे सर्वांत धोक्याचे, कारण परतीचे पाणी आधी सखल भागांत शिरते आणि पुढे गेलेला माणूस किनाऱ्यापासून तुटतो.

सूर्यास्तासाठी थांबण्याचा मोह अनेकांना होतो आणि तो मलाही समजतो. तरीही ४ वाजता बस सुटलीच पाहिजे. पाय धुऊन, यादीप्रमाणे नावे पुकारून माणसे मोजावीत आणि बारडोलीच्या पुढे चहासाठी एकदाच थांबावे, म्हणजे नंदुरबारची मंडळी ९ पर्यंत घरी पोहोचतात आणि धुळ्याच्या बसला कोंडाईबारी फार उशिरा चढावी लागत नाही.