एअर फोर्स अकॅडमीतल्या डोंगरवाटा: फाटकापासून घळीपर्यंत

कळसूबाईच्या माथ्यावर पोहोचलं की आपण समुद्रसपाटीपासून साधारण ५,४०० फुटांवर असतो. अमेरिकेतल्या कोलोरॅडो स्प्रिंग्जजवळच्या एअर फोर्स अकॅडमीत (हवाई दलाचे अधिकारी घडवणाऱ्या संस्थेत) स्टॅनली कॅनियनच्या वाटेला लागताना गाडी जिथे लावतो, ती जागाच सात हजार फुटांच्या वर आहे. अकॅडमीचा अधिकृत आकडा ७,२५८ फूट. भूदल अकॅडमीच्या वेस्ट पॉइंट आणि नौदल अकॅडमीच्या अ‍ॅनापोलिसवाल्यांना खिजवायला इथल्या कॅडेटांना तो तोंडपाठ असतो. दर रविवारी सिंहगड चढणाऱ्या आपल्या माणसालाही इथे पहिल्या वीस मिनिटांत धाप लागते आणि मग तो उगाच वयाला दोष देतो.

अकॅडमीची स्थापना १९५४ ची. पहिली तुकडी डेन्व्हरच्या लाउरी तळावर शिकायला लागली आणि १९५८ मध्ये सगळा पसारा इथे, रॅम्पार्ट रेंजच्या पायथ्याशी हलला. आवार सुमारे १८,५०० एकरांचं, म्हणजे खडकवासल्याच्या आपल्या एनडीएच्या अडीचपट. त्यात पाइनची राने आहेत, ओढे आहेत, आणि पश्चिमेची हद्द थेट पाइक नॅशनल फॉरेस्टला भिडते. लष्करी आवारात सामान्य माणसाला पायवाटा तुडवता येणं ही तशी दुर्मीळ गोष्ट. पण ती सहज होत नाही. त्यासाठी दिवस नीट आखावा लागतो, आणि आखणी डोंगरापासून नव्हे तर फाटकापासून करायची.

आधी फाटक

डेन्व्हरहून आय-२५ हायवेने दक्षिणेला तासाभरात उत्तर फाटक येतं (एक्झिट १५६). दक्षिण फाटक आणखी सहा मैल पुढे (एक्झिट १५०). पाहुण्यांना कुठल्या फाटकाने, कुठल्या वेळेत सोडतात आणि त्या दिवशी सोडतात की नाही, हे सुरक्षेच्या पातळीवर ठरतं आणि वरचेवर बदलतं. त्यामुळे अकॅडमीचं अधिकृत संकेतस्थळ दोनदा बघायचं: एकदा बेत ठरवताना आणि एकदा निघायच्या आदल्या रात्री. मित्राच्या मागच्या वर्षीच्या अनुभवावर विसंबू नका.

गाडीतल्या प्रत्येक मोठ्या माणसाकडे स्वतःचं ओळखपत्र हवं. ड्रायव्हिंग लायसन्स असेल तर ते रिअल आयडी, म्हणजे केंद्र सरकारच्या निकषांत बसणाऱ्या प्रकारचं आहे ना हे बघा (वरच्या कोपऱ्यात तारा असतो). लायसन्सचा मोबाइलवरचा फोटो चालत नाही. हे मी ठामपणे सांगू शकतो, कारण एकदा पाकीट घरी विसरून मी पहाटे निघालो होतो आणि गाडीतल्या चौघांचा दिवस माझ्यामुळे वाया गेला. उकडलेली अंडी आणि ठेपले आम्ही शेवटी उत्तर फाटकाजवळ मांडलेल्या बी-५२ बॉम्बफेकी विमानाकडे बघत खाल्ले. त्या विमानाचं नाव ‘डायमंड लिल’. २४ डिसेंबर १९७२ ला त्याच्या शेपटीकडच्या तोफचीने व्हिएतनामवर एक मिग पाडलं होतं.

भारतातून आई-बाबा आलेत, त्यांनाही दाखवू, असा बेत असेल तर इथे विशेष लक्ष द्या. अमेरिकेच्या लष्करी तळांवर परदेशी नागरिकांसाठी नियम वेगळे असतात. पासपोर्ट दाखवला की सोडतील असं धरून चालू नका. बऱ्याचदा आतल्या ओळखीच्या माणसाने प्रायोजक म्हणून काही दिवस आधी अर्ज करावा लागतो. एच-वन व्हिसावरच्या मंडळींनाही हेच लागू. आधी विचारा, लेखी उत्तर मिळवा, मगच घरच्यांना सांगा.

फाटकावर गाडीची झडती होऊ शकते, तेव्हा डिकी आवरून ठेवा. ड्रोन घरी ठेवा. आणखी एक गोष्ट आपल्या पोरांना बजावून सांगावी लागते: कोलोरॅडोत गांजा कायद्याने चालतो, पण अकॅडमीची जमीन केंद्र सरकारची आहे आणि तिथे तो गुन्हाच. फाटकाचे आणि पहारेकऱ्यांचे फोटो काढू नका.

डोंगर सकाळी, इमारती दुपारी

बहुतेक लोक नेमकं उलट करतात. सकाळी आरामात येऊन इमारती बघतात, जेवतात आणि मग डोंगराकडे निघतात. जुलै-ऑगस्टमध्ये रॅम्पार्ट रेंजवर दुपारी ढग जमतात आणि अर्ध्या तासात विजा पडायला लागतात. सह्याद्रीतला पाऊस नुसता भिजवतो. इथे उघड्या कातळावर असताना विजेपासून लपायला जागा नसते. तेव्हा पाहुण्यांसाठी फाटक उघडताच आत शिरायचं आणि अकरा-साडेअकरापर्यंत खाली उतरायचं.

दोन-तीन लिटर पाणी प्रत्येकाचं वेगळं. हवा इतकी कोरडी असते की घाम जाणवतच नाही, म्हणून माणूस पाणी प्यायचं विसरतो. टोपी आणि सनस्क्रीन हवंच. मुंबईहून किंवा पुण्याहून आलेल्या पाहुण्याला आल्याच्या दुसऱ्या दिवशी इथे आणू नका, दोन-तीन दिवस उंचीची सवय होऊ द्या. चढताना डोकं ठणकायला लागलं, मळमळलं, तर सरळ खाली यायचं. माथा कुठे जात नाही.

वाट कुठली घ्यायची

एकच वाट करायची असेल तर स्टॅनली कॅनियन. सह्याद्रीच्या भाषेत सांगायचं तर ही एक नाळ आहे. दोन्ही बाजूंना गुलाबी ग्रॅनाइटचे कडे आणि मधून खळाळत येणारा ओढा. एका बाजूने सुमारे दोन मैल, चढ बाराशे फुटांहून जास्त, आणि त्यातला बराचसा पहिल्या मैलातच उरकतो. बेसॉल्टवर वाढलेल्या आपल्या पायांना इथे एक नवी गोष्ट शिकावी लागते. ग्रॅनाइटचा बारीक चुरा कातळावर मोहरीसारखा पसरलेला असतो. चढताना तो जाणवत नाही, उतरताना मात्र पाय सरकन निसटतो. घसाऱ्यावर टाच रोवून उतरायची आपली सवय इथे अंगाशी येते. पूर्ण तळवा टेकवून, गुडघे किंचित वाकवून, छोटी पावलं टाकायची.

ओढा काही ठिकाणी ओलांडावा लागतो. मे महिन्यात बर्फ वितळून पाणी वाढतं. मी इथे सर्वांत वाईट आपटलो तो मात्र मार्चमध्ये. वरून नुसती ओली दिसणारी शिळा बर्फाच्या काचेसारख्या थराने झाकली होती, आणि त्या थराखालून पाणी वाहताना दिसत होतं. पुस्तकातल्या आकृतीसारखं ते बघत उभा राहिलो आणि त्याच नादात पडलो. नोव्हेंबर ते एप्रिल बुटांना लावायचे लोखंडी काटे सोबत हवेत.

वर पोहोचलं की चढ एकदम संपतो, गवताळ सपाटी येते आणि पुढे स्टॅनली जलाशय. इतक्या चढानंतर इतकं निवांत पाणी समोर येईल असं वाटत नाही. ठेपल्यांची खरी जागा ही.

ईगल पीक हे दुसरं आकर्षण, पण मी ते सर्वांना सुचवत नाही. जुन्या व्हिजिटर सेंटरच्या मागून वाट निघते आणि ९,३०० फुटांवरच्या माथ्याला जवळजवळ नाकासमोर भिडते. सुटे दगड खूप, आणि वाट मधेच पुसट होते. लिंगाण्याच्या गप्पा मारणाऱ्यांनी जरूर जावं, पण एकट्याने नको.

फाल्कन ट्रेल सुमारे बारा मैलांचा वळसा आहे. तिथे सायकलवाले जास्त. मागून घंटी वाजली की बाजूला व्हायचं. आवारात एकोणिसाव्या शतकातल्या वसाहतदारांची एक लाकडी केबिनही जपून ठेवली आहे. विमानांच्या गावात ती अगदी परकी वाटते.

गुडघे कुरकुरत असतील, किंवा सोबत आजी-आजोबा असतील, तर न्यू सांता फे ट्रेल. जुन्या रेल्वेमार्गाच्या भरावावर बांधलेली असल्याने तिला चढ जवळपास नाही. आवाराच्या पूर्वेकडून, मॉन्युमेंट क्रीकच्या काठाने जाते. वाट सोडून बाजूला उतरायचं नाही. कारण एक लष्करी हद्द, आणि दुसरं म्हणजे या काठावरच्या झुडपांत राहणारा प्रेबल्स मेडो जंपिंग माउस हा लांब शेपटीचा उडी मारणारा उंदीर. तो १९९८ पासून संरक्षित आहे. बॉम्बफेकी विमानं मिरवणाऱ्या संस्थेने एका उंदरासाठी वाट सोडू नका म्हणावं, याची मला दर वेळी गंमत वाटते. सुरक्षा कडक झाली की आवारातला हा टप्पा बंद करतात, तेही निघण्यापूर्वी बघून घ्या.

दुपारी चॅपल आणि चौक

चॅपलच्या, म्हणजे अकॅडमीच्या प्रार्थनागृहाच्या, १७ टोकदार शिखरांचे फोटो बघून आला असाल तर मन घट्ट करा. १५० फूट उंचीची ती अ‍ॅल्युमिनियमची इमारत सप्टेंबर २०१९ पासून दुरुस्तीसाठी बंद झाली आणि तिच्याभोवती हँगरएवढं प्रचंड आवरण उभं राहिलं. कारण ऐकून आपल्याकडच्या कुठल्याही सोसायटीच्या सेक्रेटरीला भरून येईल: गळती! वास्तुविशारद वॉल्टर नेट्श यांच्या मूळ आराखड्यात सांध्यांमधून पाणी वळवायला धातूच्या पट्ट्या होत्या. खर्च वाचवायला त्या वगळल्या आणि सांधे पुट्टीसारख्या मसाल्याने भरले. १९६२ साली उभी राहिलेली इमारत जवळपास तेव्हापासूनच गळते आहे. आवरण उतरलं का हे बघूनच मुलांना फोटोची आशा दाखवा.

त्याच्याशेजारचा टेराझो नावाचा विस्तीर्ण चौक मात्र चुकवू नका. आत फिरायला परवानगी नसते. वरच्या कठड्यापर्यंत सोडत असतील त्या दिवशी तिथून बघायचं. चौकात पांढऱ्या संगमरवराच्या अरुंद पट्ट्यांची चौकट आखलेली आहे. पहिल्या वर्षाच्या कॅडेटांनी फक्त त्या पट्ट्यांवरूनच आणि पळतच जायचं, वळताना काटकोनात वळायचं. पाठीवर बॅग, मान ताठ, सगळी फरशी रिकामी आणि हे पोर फूटभर पट्टीवरून धावतंय. कॉलेजचं वर्ष सुरू असताना, हवा चांगली असेल तर दुपारच्या जेवणासाठी तुकड्या रांगेत मिचेल हॉलकडे कूच करतात. सुमारे चार हजार कॅडेट एकाच वेळी जेवायला बसतात. म्हणूनच अकरापर्यंत डोंगर उतरायचा आग्रह धरला.

मेअखेरीस, पदवीदानाच्या आठवड्यात, अजिबात येऊ नका. फाल्कन स्टेडियमवर टोप्या उडतात, हवाई दलाच्या थंडरबर्ड्स या कसरतपथकाची विमानं डोक्यावरून जातात, ते सगळं छान. पण वाहनांची रांग हायवेपर्यंत येते आणि डोंगर राहून जातो.

संध्याकाळपर्यंत रेंगाळलात तर ध्वज उतरवण्याच्या वेळी कर्ण्यांवर बिगुल वाजतो. गाडीत असाल तर कडेला घेऊन थांबायचं, पायी असाल तर ध्वजाकडे किंवा संगीताच्या दिशेने तोंड करून उभं राहायचं. नंतर बाहेर पडताना वेग कमी ठेवा. त्या वेळी म्यूल डिअरचे कळप रस्त्याकाठच्या गवतात उतरलेले असतात, आणि एक हरण गेलं की त्याच्या मागून दुसरं येतंच.