अँटिबायोटिकनंतरचे जुलाब: माझा अनुभव

दाढेच्या संसर्गासाठी अमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलॅनेट सुरू केलं आणि तिसऱ्या दिवसापासून रोज पाच-सहा पातळ जुलाब. ताप नाही, रक्त नाही. भाताची पेज झाली, लॅक्टोबॅसिलसची (पोटाला उपकारक जिवाणूंची) कॅप्सूलही चालूच होती. जीव रडकुंडीला आला.

चूक डॉक्टरांनी पकडली. कॅप्सूल मी अँटिबायोटिकसोबतच गिळत होते, त्यामुळे त्यातले जिवाणूही मरत असणार. मग त्यांनी दिलेला क्रम असा: सकाळी आठला खाण्याच्या पहिल्या घासाबरोबर अँटिबायोटिक. अकराला सॅकरोमायसिस बोलार्डीची पुडी, साध्या पाण्यात (गरम अजिबात नको). हे जिवाणू नव्हेत, यीस्ट आहे. अँटिबायोटिकने मरत नाही. दिवसभर ओआरएस. रात्री पुन्हा तेवढंच अंतर ठेवून दोन्ही. कोर्स पूर्ण केला. तिसऱ्या दिवशी शौचाला बांधून झाली.

ताप किंवा रक्त असेल तर घरी थांबू नका.