शेवटचे तीनशे वीस फूट: ड्रॅग रेसिंगच्या (पाव मैल म्हणजे १,३२० फुटांची, दोन गाड्यांची सरळ शर्यत) १०.९०मध्ये उतरणाऱ्या नवख्यांसाठी

स्टेजिंग (गाडी स्टार्ट लाइनवर लावणं), बर्नआउट (टायर फिरवून गरम करणं), ट्री (सुटण्याचे दिवे) हे सगळं तुम्हाला येतं असं धरून चालतो. एनएचआरए या अमेरिकेतल्या ड्रॅग रेसिंग संघटनेचे इंडेक्सही, म्हणजे प्रत्येक वर्गासाठी सेकंदांत ठरलेली कमीत कमी वेळ, पाठ असतील: सुपर कॉम्प ८.९०, सुपर गॅस ९.९०, सुपर स्ट्रीट १०.९०. दोघांना हिरवा दिवा एकाच वेळी मिळतो आणि आधी पोहोचेल तो जिंकतो, पण इंडेक्सपेक्षा कमी वेळात धावलात की ब्रेकआउट, म्हणजे हार. मी सुपर स्ट्रीटबद्दलच लिहितोय, कारण तिथेच शिकतोय, आणि हजार फुटांची खूण मागे पडली की माझ्या पोटात अजूनही गोळा येतो.

मी ज्या सापळ्यात सापडलो तो नीट समजून घ्या. बाजूची गाडी मागे दिसतेय म्हणजे आपण जिंकतोय, असं वाटतं. तसं नसतं.

ताशी १४० मैलांना गाडी सेकंदाला साधारण २०५ फूट कापते. म्हणजे ०.०१ सेकंद म्हणजे दोन फूट, आणि पंधरा फुटांची एक गाडी म्हणजे सुमारे ०.०७. आता समजा, दोघं सारखेच सुटलात आणि समोरचा १०.९१ धावला. तुम्ही एक गाडीभर पुढे राहून लाइन ओलांडलीत, तर तुमची वेळ झाली १०.८४. संपलं, हरलात. तोही आत गेला असता तरी सुटका नव्हती, कारण दोघंही आत गेले तर कमी आत गेलेला जिंकतो आणि जास्त आत गेलेले तुम्हीच असता.

आता दुसरी शक्यता. तो ०.०७ उशिरा सुटला आणि दोघंही १०.९१ धावलात. या वेळीही तुम्ही गाडीभर पुढेच आहात, पण आता जिंकलात. इलॅप्स्ड टाइमचं (धावण्याच्या वेळेचं) घड्याळ सुरू होतं ते आपलं चाक स्टार्ट लाइनवरच्या प्रकाशाच्या बीममधून निघाल्यावर. रिॲक्शन टाइम, म्हणजे हिरवा दिवा लागल्यापासून सुटेपर्यंतचा वेळ, त्यात धरलाच जात नाही. म्हणून खिडकीतून दिसणारं दृश्य दोन्ही वेळा तंतोतंत सारखं असतं, निकाल मात्र उलटा. नुसतं बाजूला बघून कोणालाही हे कळणार नाही. आपली गाडी आज कितीची धावणार आहे, हे स्टेज करण्याआधी माहीत असलं तरच त्या बघण्याला अर्थ येतो.

थ्रॉटल स्टॉपवाला (शर्यतीत काही वेळ इंजिनाचा जोर आपोआप कमी करणारं यंत्र लावलेला) समोर असेल तर डोळे आणखी फसवतात. तुम्ही १३५ने चाललाय, तो मागून १५५ने येतोय. शेवटचे ३२० फूट कापायला तुम्हाला साधारण १.६ सेकंद लागतात आणि तेवढ्यात तो सुमारे ४७ फूट भरून काढतो. हजार फुटांवर तीन गाड्या मागे असलेला माणूस लाइनवर तुमच्या बरोबरीला असतो. ‘बराच पुढे आहे’ म्हणून ॲक्सिलरेटरवरून पाय उचललात तर शर्यत त्याला देऊन टाकलीत.

म्हणून माझं मत ठाम आहे: पहिला सीझन गाडी १०.९१-१०.९२ला लावा आणि लाइन पार होईपर्यंत पाय दाबून ठेवा. काही जुने खेळाडू सांगतील की १०.८७ला लाव, जास्तीचं हातात ठेव आणि शेवटी ब्रेक लावून ते सोडून दे. त्यांना ते जमतं, कारण वर्षानुवर्षं ते हेच करत आलेत. तुम्हाला एवढ्यात जमणार नाही. शिकायचंच असेल तर जो स्वतःच्या हरलेल्या शर्यतींच्या टाइम स्लिपसुद्धा (रनच्या वेळा आणि वेग छापलेल्या चिठ्ठ्या) दाखवतो, त्याच्याकडे शिका. नुसते जिंकल्याचे किस्से सांगणाऱ्याकडून मला कधी काही मिळालं नाही. महागडं वेदर स्टेशन (हवामान मोजणारं यंत्र) पहिल्याच वर्षी घेण्याची घाईही नको.

घाबरू मात्र नका. सराव शर्यतीबाहेर करता येतो. टेस्ट अँड ट्यूनच्या, म्हणजे स्ट्रिपवरच्या सरावाच्या, दिवशी एक रन पूर्ण मारा. पुढच्या रनमध्ये हजार फुटांवर पाय किंचित उचला. दोन्ही स्लिप शेजारी ठेवा, हजार फुटांपासून शेवटापर्यंतचा वेळ वजा करून काढा आणि शेवटचा वेग किती पडला ते बघा. आपल्या पायाची किंमत किती शतांश, ते तिथेच कळतं. न्यू जर्सीतल्या एडिसनकडच्या आपल्या मंडळींना जवळची इंग्लिशटाउनची स्ट्रिप २०१८मध्ये बंद झाल्यापासून त्यासाठी पेनसिल्व्हेनियातल्या मेपल ग्रोव्हसारख्या दूरच्या स्ट्रिपवर जावं लागतं. लांब आहे, तरी जा.

आणि एक कडक सूचना. लाइनजवळ ब्रेक लावायची वेळ आलीच तर हलका स्पर्श करा, चाकं लॉक करू नका. मान वळवून बघताना हातही वळतो. मधली रेषा ओलांडलीत तर बाद व्हाल, आणि शेजारच्या लेनमध्ये १५५ने येणारा माणूस असतो. झटकन नजर टाका, लगेच समोर आणा. तेवढ्यात अंदाज आला नाही, तर ठरवलं होतं तेच करा: पाय खाली.