करिअर कोच लावताय? मग या चुका टाळा

पैसे भरले, सहा सेशन ठरली, दोन झाली आणि आता वाटतंय की नुसत्या गप्पाच चालल्यात. आधी दुसरीकडे जाऊन माझ्याकडे आलेले बरेच जण हेच सांगतात. कधीकधी कोचच कच्चा असतो, नाही असं नाही. पण पुष्कळदा घोळ पहिल्या सेशनच्या आधीच झालेला असतो.

सगळ्यात महागात पडते ती कोचला नोकरी लावून देणारा समजण्याची चूक. कोच तुमचा बायोडेटा कंपन्यांना पाठवत बसत नाही. 'तीन महिन्यांत नोकरी, नाहीतर पैसे परत' म्हणणारा कोच नव्हे, एजंट. मग त्याला एजंटाचेच प्रश्न विचारा. गोष्ट परदेशातल्या नोकरीची असेल तर जास्तच सावध राहा. परदेशी भरती करणाऱ्या एजंटाला 1983 च्या उत्प्रवासन कायद्याखाली नोंदणी लागते आणि उमेदवाराकडून 30 हजार रुपये अधिक जीएसटी याहून जास्त सेवाशुल्क घेता येत नाही. नोंदणी आहे की नाही, ते सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर दिसतं.

भारतात कोच म्हणवून घ्यायला कुठलाही सरकारी परवाना लागत नाही. त्यामुळे प्रोफाइलवरच्या बिरुदांना भुलू नका. इंटरनॅशनल कोचिंग फेडरेशन या कोचांच्या जागतिक संघटनेच्या एसीसी, पीसीसी आणि एमसीसी या प्रमाणपत्रांच्या चढत्या पातळ्यांसाठी प्रत्यक्ष कोचिंगचे अनुक्रमे किमान 100, 500 आणि 2500 तास लागतात. कागद असला म्हणजे माणूस चांगलाच, असं मुळीच नाही, पण "तुमचे तास किती झालेत?" हे विचारायला लाजू नये.

आता खरा मुद्दा. "मला काहीतरी वेगळं करायचंय" एवढ्या भांडवलावर सेशनला बसू नका. समजा, हिंजवडीत नऊ वर्षं सॉफ्टवेअर टेस्टिंग करणारी एक बाई म्हणते, "मला प्रोडक्ट मॅनेजर व्हायचंय, सांगा कोणता कोर्स करू?" कोच कोर्स सांगत नाही. विचारतो, "गेल्या महिन्यात कुठलं काम करताना घड्याळाकडे लक्षच गेलं नाही?" ती जरा वैतागते, मग आठवून सांगते की रिफंडच्या स्क्रीनबद्दल तक्रारी येत होत्या, तेव्हा सपोर्टवाल्यांच्या शेजारी बसून तिने दुपारभर तिकिटं, म्हणजे ग्राहकांच्या तक्रारींच्या नोंदी, वाचली होती. यावरून गृहपाठ ठरतो: तीन प्रोडक्ट मॅनेजरांना गाठायचं, वीसेक मिनिटं बोलायचं आणि "मला तिकडे कसं येता येईल?" असं न विचारता "तुमचा कालचा दिवस कसा गेला?" असं विचारायचं. पुढच्या वेळी ती येते तेव्हा चेहरा उतरलेला. तिघांचाही निम्मा दिवस लोकांची मनधरणी करण्यात जातो आणि तिला नेमका त्याचाच कंटाळा. आता प्रश्न बदलला: सध्याच्याच टीममध्ये ग्राहकांच्या तक्रारींचं काम मागून घ्यायचं का? हे कुठल्याही कोर्सने तिला सांगितलं नसतं.

म्हणूनच दोन सेशनमध्ये साधारण दोन आठवडे ठेवणं बरं. माणसं गाठायला, फोन करायला तेवढे दिवस लागतातच. गृहपाठ झाला नसेल तर तसं सांगा. वेळेवर काहीतरी रचून सांगितलंत तर तो तास तुमच्याच पैशांचा जातो.

लपवाछपवीही तशीच नडते. पीआयपी (काम सुधारा, नाहीतर नोकरी धोक्यात, अशी कंपनीने दिलेली मुदत) चालू आहे, घराचा हप्ता जड जातोय, नव्वद दिवसांचा नोटीस पिरियड आहे, मधल्या एका कंपनीचं नाव बायोडेटातून गाळलंय, हे चौथ्या सेशनला बाहेर आलं की आधीचं सगळं नियोजन कोसळतं. ती गाळलेली कंपनी पीएफ कापत असेल, तर यूएएनवरच्या, म्हणजे तुमच्या पीएफच्या कायम क्रमांकावरच्या, नोंदीतून नव्या कंपनीच्या पडताळणीत ती तशीही सापडू शकते. कोचपुढे अब्रूचा प्रश्न करण्यात काय अर्थ?

कंपनीने कोच दिला असेल तर मात्र आधी एक स्पष्ट करून घ्या: साहेबांपर्यंत काय जाणार? ठरलेली उद्दिष्टं आणि हजेरी कळवणं ठीक. तुम्ही काय बोललात ते नाही. हे कंपनी, कोच आणि तुम्ही अशा तिघांच्या लेखी करारात असू द्या, तोंडी भरवशावर नको.

झोप उडालीय, रविवार संध्याकाळपासूनच छातीत धडधडतंय, ऑफिसच्या नुसत्या विचाराने रडू येतंय, अशी वेळ असेल तर कोचिंग थांबवा आणि डॉक्टर किंवा समुपदेशक गाठा. टेली मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा 14416 हा सरकारी नंबर चोवीस तास चालू असतो, पैसे पडत नाहीत आणि मराठीत बोलता येतं.

आणि दोन-तीन सेशननंतरही गाडी अडली असेल तर? मैत्रिणीपाशी कुरकुर करण्यापेक्षा कोचलाच सांगा: "मागच्या दोन वेळांतून माझ्या हाती काही लागलं नाही." जाणता कोच यावर उद्दिष्ट पुन्हा तपासेल, नाहीतर स्वतःच दुसऱ्या कुणाचं नाव सुचवेल. समजावणीची भाषणं सुरू झाली किंवा "तुमचीच तयारी नाही" असं ऐकवलं गेलं, तर उरलेली सेशन सोडा. त्यांचे पैसे परत मिळतात का, हे कलम मात्र पहिला हप्ता भरण्याआधीच वाचलेलं असू द्या.