सुट्टीत फोन वाजू नये म्हणून: नेतृत्व शिकायचं कसं?

चार वर्षांपूर्वी चुलत बहिणीच्या लग्नासाठी अमरावतीला गेले होते. तीन दिवसांची रजा होती. हळदीच्या दिवशी दुपारपर्यंत कारखान्यातून अकरा फोन आले. टेपचे रोल संपले, कुठून आणू? लेबलवरचा बॅच नंबर पुसट येऊन राहिला, चालवू का थांबवू? गाडी लागली, आधी कोणता माल भरू? हळदीच्या हातांनी मी फोन उचलत होते. मावशी वैतागून म्हणाली, "तुझ्याशिवाय कारखाना बंद पडते का गं?" मला ते कौतुकच वाटलं. आपल्याशिवाय पान हलत नाही, अजून काय पाहिजे!

नागपूरजवळच्या हिंगणा एमआयडीसीतल्या एका युनिटमध्ये मी पॅकिंग लाइन सांभाळते, हाताखाली चौदा माणसं. ते कौतुक नव्हतं, ठपका होता, हे कळायला मला वर्ष लागलं. नव्यानं टीम लीडर झालेले, बचत गटाच्या अध्यक्ष झालेल्या, सोसायटीचं सचिवपद गळ्यात पडलेले, अशांसाठी हे लिहिते आहे. मी ज्या क्रमानं शिकले तो क्रम थोडा उलटासुलटा होता. तुम्ही नीट क्रमानं करा.

आधी परीक्षा ठरवा, मग अभ्यास

नेतृत्व म्हटलं की लोकांना भाषण आठवतं. मला आता एकच गोष्ट आठवते: आपण खोलीतून बाहेर गेल्यावर आत काय होतं? मानसशास्त्रज्ञ कुर्ट लेविन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत आयोवा इथे दहा-अकरा वर्षांच्या मुलांच्या छोट्या मंडळांवर प्रयोग केले. १९३९ मध्ये त्यांचे निष्कर्ष छापून आले. मुलं मुखवटे बनवण्यासारखी कामं करत. काही मंडळांचा मोठा माणूस हुकूम सोडणारा, काहींचा विचारून चालणारा, तर काहींचा सगळं मोकळं सोडून देणारा. हुकूमवाला समोर असला की काम भरपूर व्हायचं, तो बाहेर गेला की काम ढेपाळायचं. विचारून चालणारा बाहेर गेला तरी मुलांचं काम जवळपास तसंच चालू राहायचं.

माझे अकरा फोन म्हणजे त्याच प्रयोगाची नागपुरी आवृत्ती. तेव्हा आजच एका वहीत लिहून ठेवा: मी एक दिवस नसलो तर कोणकोणती कामं अडतील? ही यादी म्हणजेच तुमचा अभ्यासक्रम. माझ्या यादीत नऊ कामं होती.

पायरी १: शेवटची तारीख असलेलं छोटं काम घ्या

अख्ख्या गणेश मंडळाचं अध्यक्षपद मागू नका. विसर्जनाच्या दिवशीच्या प्रसादाचं काम मागा. दोनशे माणसांचा मसालेभात, चार स्वयंसेवक, एक आचारी, संध्याकाळी सातला संपणार. चूक झाली तर भात करपेल, मंडळ फुटणार नाही.

कॉलेजात असाल तर एनएसएस, म्हणजे राष्ट्रीय सेवा योजना, घ्या. दोन वर्षांत २४० तास आणि सात दिवसांचं निवासी शिबिर. त्या शिबिरात एका दिवसाच्या जेवणाची जबाबदारी अंगावर घ्या, म्हणजे माणसं कशी असतात ते कोणत्याही कोर्सपेक्षा लवकर कळेल. बायकांसाठी बचत गट ही सगळ्यात जवळची शाळा, असं माझं मत. दहा ते वीस जणी आणि पंचसूत्री ठरलेली: नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्ज, वेळेवर परतफेड, लेखे. पैशाचा हिशेब आणि शेजारणीचं मन, दोन्ही एकाच बैठकीत सांभाळायचं असतं. हे ज्या बाईला जमलं तिला मॅनेजमेंट वेगळं शिकवायची गरज नाही.

पायरी २: आठवडाभर नुसतं मोजा

ही पायरी लोक गाळतात, कारण हिच्यात काही केल्यासारखं वाटत नाही. पुढच्या बैठकीत वहीच्या पानावर दोन रकाने पाडा, "सांगितलं" आणि "विचारलं". आपण तोंड उघडलं की एकात टिक करायची.

मी शिफ्ट सुरू होतानाच्या पंधरा मिनिटांच्या बैठकीत हे केलं. सांगितलं: सतरा. विचारलं: दोन. त्या दोनांतला एक प्रश्न होता "समजलं ना?" आणि त्याला प्रश्न म्हणायची हिंमत माझीच होत नाही. त्याच आठवड्यात पेट्या भरणारे एक जुने दादा मला म्हणाले होते, "ताई, तुम्ही इचारून राहिल्या का सांगून राहिल्या?" मला तो उद्धटपणा वाटला होता. वही बघितल्यावर कळलं, बिचाऱ्यांनी नुसता हिशेब सांगितला होता.

पायरी ३: वाचन थोडं, पण नेमकं

याविषयी फार ताणत नाही. व्यवस्थापनाचे अभ्यासक रॉबर्ट कॅट्झ यांनी १९५५ मध्ये एक साधी विभागणी मांडली. काम सांभाळणाऱ्याला तीन कौशल्यं लागतात: कामाचं तंत्र, माणसांशी वागणं आणि सगळं चित्र डोळ्यासमोर धरणं. खालच्या पायरीवर तंत्राला जास्त भाव, जसजसं वर जावं तसतसं तिसऱ्याला. माणसं मात्र सगळीकडे लागतातच. तुमच्या यादीतलं प्रत्येक काम या तिघांपैकी कशामुळे अडतं ते शेजारी लिहा. माझ्या नऊंपैकी तंत्रामुळे अडणारी फक्त दोन निघाली.

याचा पुरावा आपल्या शहरातच आहे. गांधीसागर तलावाजवळ आज जिथे मॉल उभा आहे तिथे एम्प्रेस मिल होती. १ जानेवारी १८७७ ला जमशेदजी टाटांनी ती सुरू केली. मॅनेजर म्हणून त्यांनी नेमले बेझनजी मेहता, जे रेल्वेत मालवाहतुकीचं काम बघत होते. कापड गिरणीचा अनुभव शून्य. तंत्रासाठी वेगळा जाणकार इंग्रज होताच. माणसं आणि व्यवस्था सांभाळणारा वेगळा लागतो, हे जमशेदजींनी ओळखलं होतं. याच मिलमध्ये १८८६ साली कामगारांसाठी पेन्शन फंड सुरू झाला.

बोलायची भीती वाटत असेल तर टोस्टमास्टर्स या भाषणाचा सराव करणाऱ्यांच्या क्लबमध्ये जाऊन बसा, नागपुरातही आहेत. पाच ते सात मिनिटांचं भाषण असतं आणि एक जण तुम्ही किती वेळा "अं... म्हणजे..." म्हणालात तेवढंच मोजत बसतो. लाज वाटते, पण गुण येतो.

पायरी ४: मार्गदर्शक असा मागा

"सर, मला गाइड करा ना" या वाक्यानं आजवर कुणाला मार्गदर्शक मिळालेला मी पाहिला नाही. समोरच्याला कळतच नाही की नक्की करायचं काय आहे.

शक्यतो आपला साहेब निवडू नका. ज्याच्या हातात आपली पगारवाढ, त्याच्यासमोर आपण चुका उघड्या करत नाही. फार मोठा माणूसही नको, त्याला आपली अडचण आठवणार नाही. आपल्यापेक्षा दोन पायऱ्या पुढे गेलेला, शक्यतो निवृत्त झालेला माणूस उत्तम. मी एका निवृत्त फोरमन काकाजींना मेसेज केला, तो जवळपास असा होता: "काकाजी, नमस्कार. मी पॅकिंगला सुपरवायझर झाले आहे. माणसांकडून काम करून घेताना अडते आहे. महिन्यातून एकदा अर्धा तास, असं तीन महिने भेटाल का? दर वेळी घडलेला एकच प्रसंग घेऊन येईन." वेळ ठरलेली, मुदत ठरलेली, विषय ठरलेला. नाही म्हणायलाही सोपं, म्हणूनच हो म्हणायलाही सोपं.

भेटायचो त्यांच्या घराजवळच्या पोह्यांच्या ठेल्यावर. पहिल्या भेटीत मी वीस मिनिटं टीमची गाऱ्हाणी सांगितली. काकाजींनी पोह्यांवर तर्री घेतली, वरून कच्चा चिवडा घातला, लिंबू पिळलं आणि म्हणाले, "पोरी, या गोष्टीत तू कुठं आहेस? तू काय केलं ते सांग ना." माझ्याकडे उत्तर नव्हतं. तेव्हापासून प्रसंग लिहूनच न्यायचा असं ठरलं: काय झालं, मी काय बोलले, समोरचा काय बोलला, मग मी काय केलं. मतं घरी ठेवून यायची.

मार्गदर्शकानं सांगितलेलं पटलं नाही तरी एकदा करून बघा आणि काय झालं ते पुढच्या भेटीत न विचारता सांगा. माणूस टिकतो तो यामुळे. त्यांच्याकडे नोकरी किंवा ओळख मात्र मागू नका.

पायरी ५: काम सोपवणं, म्हणजे खरंच सोपवणं

इथे मी सगळ्यात जास्त आपटले, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

लाइनवर वीस-बावीस वर्षांची एक मुलगी होती, आकड्यांना पक्की. स्टॉक रजिस्टर मी तिला दिलं. आठवडाभर ती लिहायची आणि ती गेल्यावर मी सगळ्या बेरजा पुन्हा करायचे. एका संध्याकाळी ती डबा विसरली म्हणून परत आली आणि मी रजिस्टरवर वाकलेली तिला दिसले. दारातच उभी राहून म्हणाली, "ताई, तुम्ही करूनच राहिल्या तर मी कशाले करू?"

काकाजींनी यावर तीन प्रश्न दिले. कुणाला काम देताना याची उत्तरं तोंडावर सांगायची: काम नीट झालं हे कशावरून ओळखायचं? मला न विचारता काय ठरवता येईल? माझ्याकडे कधी यायचंच?

टेपच्या रोलचं आम्ही असं ठरवलं. सहा रोल उरले की मागवायचे. पाचशे रुपयांपर्यंत किरकोळ खर्चातून थेट, त्यावर मला फोन. लेबलचं ठरलं: हातभर अंतरावरून बॅच नंबर वाचता आला नाही तर लाइन थांबवायची, कुणालाही न विचारता. थांबवणाऱ्याला कुणी बोलणार नाही, हे मी सगळ्यांसमोर सांगितलं.

दोन आठवड्यांत त्या मुलीनं लाइन थांबवली. चाळीस मिनिटं गेली. वरचे साहेब तणतणत आले. तपासलं तर लेबल ठीक होतं. डोक्यावरची ट्यूब मिणमिणत होती म्हणून नंबर पुसट दिसला. सगळी टीम माझ्या तोंडाकडे बघत होती. साहेबांना म्हटलं, "नियम माझा आहे, माझ्याशी बोला." तिला एवढंच म्हटलं, "ट्यूब बदलायला सांग." त्या क्षणी मी तिला चारचौघांत झापलं असतं तर त्यानंतर खरंच खराब लेबल आलं असतं तरी कुणी बटणाला हात लावला नसता.

सगळ्यांना सारखंच मोकळं सोडू नका. कालच आलेल्याला हात धरून दाखवावं लागतं, वर्षभर झालेल्याला कारण सांगावं लागतं आणि जुन्या दादांना फक्त कधीपर्यंत ते सांगायचं. जुन्या माणसाला हात धरून दाखवायला गेलात की तो चिडतो आणि ते बरोबरच आहे.

पायरी ६: काम संपलं की दहा मिनिटं बसा

चार प्रश्न पुरतात. काय व्हायला हवं होतं? काय झालं? का झालं? पुढच्या वेळी काय बदलायचं? शेवटच्या प्रश्नाच्या उत्तरापुढे नाव आणि तारीख नसेल तर ती गप्पांची बैठक झाली.

कुणाला चूक सांगायची तर दिवस, घटना आणि परिणाम सांगा. "तू बेजबाबदार आहेस" असं म्हटलं की भांडण सुरू. "मंगळवारी रजिस्टर रिकामं होतं, त्यामुळे दुसऱ्या शिफ्टला पंचवीस मिनिटं पेट्या मोजाव्या लागल्या" असं म्हटलं की समोरचा विचार करतो.

आणि आपल्याविषयी काय बोललं जातं तेही ऐका. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आपल्याकडे नागपुरात मारबतीच्या पुतळ्याची मिरवणूक निघते, सोबत बडगे म्हणजे आणखी पुतळे असतात. वर्षभर ज्याच्यावर राग आहे त्याचा पुतळा करून लोक "ईडा पीडा घेऊन जा गे मारबत" म्हणत गावाबाहेर नेतात. मी पोळ्याच्या आठवड्यात टीमला विचारते, "यंदा आपल्या लाइनचा बडग्या कशाचा काढायचा?" चिठ्ठीवर लिहायचं, नाव नाही टाकायचं. पहिल्या वर्षी चौदापैकी पाच चिठ्ठ्यांवर माझ्या शिट्टीचा उल्लेख होता. मी माणसांना शिट्टी वाजवून बोलवायचे. शिट्टी तेव्हाच बंद केली.

पायरी ७: खुर्ची रिकामी ठेवून बघा

१९२३ चा नागपूरचा झेंडा सत्याग्रह आठवा. तिरंगा घेऊन सिव्हिल लाइन्सकडे जायला बंदी, आणि जाणाऱ्या प्रत्येक तुकडीला अटक. नेतृत्व करणारे जमनालाल बजाज तुरुंगात गेले, तेव्हा सूत्रं हाती घ्यायला वल्लभभाई पटेल आले. देशभरातून स्वयंसेवक येत राहिले. पुढारी पकडला म्हणून मोर्चा घरी गेला नाही.

आपल्याला तुरुंगात जायचं नाही, रजा टाकायची आहे. आधी अर्धा दिवस, मग एक दिवस, मग तीन. जाण्याआधी कोण काय बघेल ते फळ्यावर लिहा. परत आल्यावर पहिली नऊ-दहा कामांची यादी काढा आणि जे अडलं नाही त्यावर काट मारा. जे अडलं, त्याला पायरी पाचचे तीन प्रश्न पुन्हा लावा. कुणी तुमच्यापेक्षा वेगळ्या पद्धतीनं काम केलं असेल आणि माल बरोबर गेला असेल, तर ती पद्धत तशीच राहू द्या. हे बोलायला सोपं आहे. मला अजूनही दाढा आवळाव्या लागतात.

यंदा मे महिन्यात चिखलदऱ्याला तीन दिवस गेलो होतो. पहिले दोन दिवस फोन वाजला नाही. मी दोनदा रेंज आहे का ते बघितलं. तिसऱ्या दिवशी दुपारी त्याच रजिस्टरवाल्या मुलीचा फोन आला, "ताई, बाकी सगळं झालं. पण टेपच्या कपाटाची किल्ली कुठं आहे?"

किल्ली माझ्या पर्समध्ये होती.